आमच्या फॉर्मचं काय झालं?

(करमाड इथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, दुपारच्या बौद्धिक सत्रात केलेलं भाषण. बोलीचं स्वरूप तसंच ठेवलं आहे.)



जेवणानंतरचं बौद्धिक म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. पहाटे उठून प्रार्थना, मग श्रमदान, मग जेवण, आणि डोळे मिटायला लागले की बाहेरचा एक माणूस येऊन तासभर बोलतो. तुमच्या जागी बसून मीही झोपलेलो आहे. ज्याला डुलकी येईल त्यानं खुशाल घ्यावी, फक्त उठल्यावर शेजारच्याला विचारून घ्यावं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांची माहिती गोळा करायची, नीट साठवायची आणि लागेल तेव्हा सापडेल अशी ठेवायची, हे माझं पोटापाण्याचं काम. पण आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक मी तुमच्या वयाचा असताना, अशाच एका शिबिरात केली. उद्या-परवा तुम्ही घरोघर सर्वेक्षणाला निघणार आहात असं सरांनी सांगितलं, म्हणून ती आजच सांगितलेली बरी.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं शिबीर जालना रोडवरच्या एका गावात लागलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. सात दिवसांत आम्ही शाळेची भिंत रंगवली, प्रभात फेरी काढली, पथनाट्य केलं आणि मागच्या मोहल्ल्यातली नाली दोन दिवस खपून साफ केली. गाळ काढताना काढलेले फोटो अजून माझ्याकडे आहेत.

पाचव्या दिवशी आम्हाला सर्वेक्षणाचे फॉर्म दिले. माझ्या वाट्याला तोच मोहल्ला आला, कारण घरी दखनी बोलणारा मी एकटा होतो. एका घरी एक खाला भेटल्या. त्यांनी चहा दिला आणि नीट बसवून सांगितलं, की पावसाळ्यात नालीचं पाणी उंबरा ओलांडून आत येतं, धान्याची पोती खाटेवर ठेवावी लागतात, नळाला पाणी येतं तेव्हा नळाच्या खड्ड्यातही तेच घाण पाणी उतरतं. मी सगळं लिहून घेतलं. फॉर्मच्या शेवटी ‘प्रमुख समस्या’ अशी चौकट होती, तिथं ‘सांडपाणी’ लिहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "अब क्या होगा बेटा?" मी म्हणालो, "रिपोर्ट वर जाईल." वर म्हणजे कुठं, ते मला माहीत नव्हतं. तेव्हा मी विचारलंही नाही.

शिबीर संपलं, समारोप झाला, प्रमाणपत्रं मिळाली. फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे होता. त्याची बेरीज करून अहवाल लिहायचं काम मी अंगावर घेतलं होतं. मग परीक्षा आली, मग सुट्ट्या आल्या. गठ्ठा होस्टेलच्या खोलीतून घरी आला आणि माळ्यावर गेला. दोष कुणा दुसऱ्याला देण्यासारखं त्यात काही नाही.

चार वर्षांनी त्याच गावात एका वलीम्याला गेलो. जेवून बाहेर आलो तर खाला समोर. त्यांनी मला ओळखलं. "क्यों बेटा, हमारे फारम का क्या हुआ?"

मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून जेवलेलं घशात आलं. आम्ही गेल्यावर मोहल्ल्यातल्या बायका ग्रामपंचायतीकडं जायचं म्हणत होत्या. खालांनीच त्यांना थांबवलं. म्हणाल्या, कॉलेजची पोरं लिहून घेऊन गेलीत, वर गेलंय, येईलच. दोन पावसाळे त्या सगळ्या थांबल्या. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री पाणी घरात शिरलं आणि खाटेखालची पत्र्याची पेटी पाण्यात बुडाली. पेटीत कागद होते. जुनं रेशनकार्ड, मरहूम नवऱ्याच्या शाळेचा दाखला, घराची पावती. शाई पसरली.

मित्रांनो, आम्ही काही वाईट केलं असं मला तोवर वाटत नव्हतं. फार तर काही चांगलं करायचं राहून गेलं, असं वाटायचं. पण आमच्या त्या फॉर्मनं एका मोहल्ल्याचं तोंड दोन वर्षं बंद केलं होतं. आम्ही गेलोच नसतो, तर त्या बायका स्वतःच्या पायानं पंचायतीत गेल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, शिबिरं बंद करायची? नाही. मी या योजनेचाच पोरगा आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं विशेष शिबीर, हा हिशेब तुम्हाला पाठ आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं पदवीच्या अभ्यासक्रमातच समाजसहभागाचा प्रकल्प आला आहे आणि त्याला श्रेयांक आहेत. म्हणजे पूर्वी हौसेनं येणारी काही पोरं यायची, आता वर्गच्या वर्ग वस्त्यांमध्ये उतरणार. ही चांगली गोष्ट आहे आणि मला त्याची थोडी भीतीही वाटते. माझ्यासारखे फॉर्म माळ्यावर टाकणारे आता संख्येनं जास्त असतील.

विद्यापीठानं वस्तीत जाऊन माणसांना प्रश्न विचारण्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाला फिलाडेल्फिया शहरातल्या सातव्या वॉर्डात पाठवलं. तिथं कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती, आणि शहर बिघडलं ते यांच्यामुळं, अशी चर्चा होती. डू बॉईस त्याच वस्तीत राहायला गेला, दारोदार हिंडला, हजारो माणसांशी बोलला. १८९९ साली त्याचं ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हे पुस्तक आलं. वस्तीची दुर्दशा माणसांच्या स्वभावातून आलेली नाही, नोकऱ्या नाकारल्यामुळं आणि घरभाडं जास्त घेतल्यामुळं आली आहे, हे त्यानं आकडे देऊन दाखवलं. समाजशास्त्रात आजही ते पुस्तक शिकवतात. पण त्यानंच पुढं लिहून ठेवलंय, की आपला अभ्यास होतोय हे वस्तीतल्या लोकांना फारसं रुचलं नव्हतं. स्वतः कृष्णवर्णीय असून हा अनुभव. मी दखनी बोलत होतो म्हणून मोहल्ल्याचा झालो, असं मला वाटलं होतं, तेव्हा मी हे वाचलेलं नव्हतं.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या बाबासाहेबांनी १९४६ साली याच डू बॉईसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. बघा, अभ्यास करणारा माणूस मागतो काय, तर अर्जाची प्रत. वस्तीबद्दलची माहिती शेवटी वस्तीच्या हातातला अर्ज झाली, तर तिचा उपयोग.

त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढं १९८५ साली इतिहासाच्या एका अभ्यासवर्गातून दुसरं काम उभं राहिलं. विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या वेस्ट फिलाडेल्फियाची अवस्था वाईट होती. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तिथल्याच शाळांतल्या मुलांना सोबत घेऊन वस्ती सुधारण्याचं काम सुरू केलं. १९९२ साली विद्यापीठानं त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलतात, काम त्याच शाळांत, त्याच वस्तीत चालू राहतं.

आपल्याकडंही असं झालेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचा विचार करणारं ‘सितारा’ नावाचं केंद्र आहे, १९८५ पासून. तिथल्या विद्यार्थ्यांनी रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या टँकरवर जगणाऱ्या वाड्यांच्या पाण्याचा अभ्यास केला. कोणत्या वाडीला किती उंचीवर पाणी चढवावं लागेल, पाइप किती लागेल, खर्च किती येईल, असा हिशेब मांडला. अशा अनुभवातून २०१६ साली राज्य शासनानं उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, म्हणजे आपल्या भागातल्या अडचणींचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी करावा.

आणि आपण ज्या जिल्ह्यात बसलोय त्या जिल्ह्याला मोजमापाचं काय सांगायचं! मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली आणि जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी पाजलं. ना पंप, ना वीज, नुसत्या उतारावर. त्याची जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धतही प्रसिद्ध आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस. त्याचं नाव घेऊन आपण मिरवतो, पण साध्या नालीचा उतार मोजत नाही.

नालीकडं येतो मी, पण त्याआधी आणखी एक प्रसंग.

२०१९च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. त्या हिवाळ्यात मोहल्ल्यामोहल्ल्यात एकच विषय होता, कागद. देशात कितीतरी ठिकाणी साध्या आर्थिक पाहणीला आलेल्या लोकांनाही दारातून परत पाठवलं गेलं, इतकी भीती होती. आम्ही काही मित्र लोकांना कागदपत्रं नीट लावून द्यायला मदत करत होतो. त्या गावात गेलो. खालांनी तीच पेटी काढली. रेशनकार्डाचा पापुद्रा झाला होता. शाळेच्या दाखल्यावर निळा डाग आणि त्यात कुठंतरी एक सही. "ये देख, सब बह गया."

मी खिशातून पेन काढला. कोणत्या कागदाची दुय्यम प्रत कुठं मिळेल ते लिहून घ्यावं म्हणून. खालांनी माझ्या हातावर हात ठेवला. "लिखना मत बेटा. तू लिखता है तो वापस नहीं आता."

मला वाटतं, माझं खरं प्रशिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

लॉकडाऊन संपल्यावर आम्ही त्या मोहल्ल्यात परत जायला लागलो. आम्ही म्हणजे दोन-तीन जुने शिबिरार्थी आणि एका कॉलेजची प्रकल्प करणारी पोरं-पोरी. पहिल्या तीन भेटींत वही बाहेर काढायची नाही असं ठरवलं. नुसतं बसायचं, ऐकायचं, नाव विचारलं तर आपलं सांगायचं. चौथ्या भेटीत मोहल्ल्यातल्या एका गवंडीचाचांनी विषय काढला. म्हणाले, तुम्ही पोरं दर साली येऊन नाली साफ करता, पंधरा दिवसांत पुन्हा भरते, असं का होतं कधी विचारलंत का? विचारलं नव्हतं. आम्ही इंजिनिअर.

चाचांनी लेव्हल पाइप आणली. पारदर्शक नळी, त्यात पाणी भरायचं, दोन टोकांचं पाणी एका पातळीला येतं. दहा-दहा पावलांवर मोजत गेलो. कारण अर्ध्या तासात सापडलं. काही वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा त्याखालची मोरी नालीच्या तळापेक्षा वीतभर वर बसली होती. पाणी मोरीपर्यंत यायचं आणि तुंबायचं. वीतभर भरल्याशिवाय ते पुढं जाणारच नव्हतं. मी दोन दिवस उपसलेला गाळ आठवला. जन्मभर उपसला असता तरी तो तिथंच साठला असता.

पोरींनी दुसरं काम केलं. बायकांशी दुपारी, पुरुष घरी नसताना बोलल्या. पाणी कुठं किती साचतं हे पुरुषांना साधारण माहीत होतं. बायकांना नेमकं माहीत होतं, कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या नळाच्या खड्ड्यात, किती वेळ. नळ कधी येतो आणि तेव्हा नाली भरलेली असते का, हे सगळं त्यांच्या तोंडी होतं. त्यावरून एका पानाचा नकाशा झाला.

त्या नकाशात काय नाही ते सांगतो, कारण माझ्या धंद्यातलं शहाणपण तेवढंच आहे. त्यात एकाही माणसाचं नाव नाही. आधार नंबर नाही, जात नाही, धर्म नाही, जन्मगाव नाही, घरात किती माणसं तेही नाही. घरांवर खडूनं नंबर टाकायचं एका मुलाच्या डोक्यात आलं होतं. एका म्हाताऱ्या बाबांच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं खडू खिशात ठेवला. मग घरांना मोहल्ल्यातलीच नावं दिली, चक्कीजवळचं, लिंबाखालचं, कोपऱ्यावरचं. नालीचा उतार कळायला कुणाचा जन्मदाखला लागत नाही. आम्हाला कॉलेजात शिकवतात की जास्त माहिती म्हणजे चांगली माहिती. कंपनीत मी रोज बघतो, की गरज नसताना घेतलेली माहिती एक दिवस भलत्याच हातात पडते. आता २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायद्याच्या आधी आपली नियत. उद्या तुमच्या हातात जो फॉर्म येईल, त्यातल्या प्रत्येक रकान्यापुढं स्वतःला विचारा, हे मी का विचारतोय? उत्तर नसेल तर तो रकाना खोडा. सर रागावणार नाहीत. नाही ना सर?

आता आपल्या लोकांना एक कडू गोष्ट. नकाशा काढताना मोहल्ल्याच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशची पोरं तिथं भाड्यानं राहायची, शेंद्र्याकडं कामाला जायची. मोहल्ल्यातले जाणते म्हणाले, ते सोडा, ते आपल्यातले नाहीत. नाली तीच, नळ तोच, आणि ते आपल्यातले नाहीत! आपल्याला मोजत नाहीत अशी तक्रार करणारे आपण, दुसऱ्याला मोजायची वेळ आली की असेच वागतो.

इथं करमाडला उभं राहून हे बोलताना मला ८ मे २०२० ची पहाट टाळता येत नाही. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर घरी जायला रेल्वे मिळेल म्हणून भुसावळकडे पायी निघाले होते. थकून रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. करमाडजवळ. रुळांवर पडलेल्या भाकरीचे फोटो तुम्ही लहान असताना पाहिले असतील. ती माणसं इथल्या कारखान्यात राबत होती, इथंच कुठंतरी भाड्यानं राहत होती, कुठल्या तरी नळाला त्यांची बादली लागत असेल. त्यांना कोणत्या यादीत घेतलं होतं? ग्रामसभेचे सभासद मतदार यादीतले. भाडेकरू मजूर त्यात बहुधा नसतोच. म्हणून विद्यार्थ्यांनी मोहल्ला मोजायला घेतला तर भाड्याच्या खोलीचं दारही वाजवायला हवं.

हे करमाडला जास्त लागू आहे. शेजारीच शेंद्रा. ऑरिक हे नवं औद्योगिक शहर उभं राहतंय, ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. तिथं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, वीज, केबल, सगळं आधी जमिनीखाली टाकलं आणि मग प्लॉट दिले. चांगलं केलं. म्हणजे नाली कशी बांधायची हे आपल्या तालुक्याला येतं. ज्ञान रस्त्याच्या पलीकडं आलेलं आहे, अलीकडच्या गल्लीत आणायचं राहिलंय. ते तुम्ही आणू शकता, कारण उद्या तुमच्यातलीच काही पोरं तिकडं नोकरीला असतील.

पुढं काय झालं ते थोडक्यात. नकाशा आणि अर्ज मिळून दोन पानं. अर्ज मोहल्ल्याच्या नावानं, सह्या आणि अंगठे मोहल्ल्याचे, कॉलेजचं नाव कुठंच नाही. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेकांना ती माहीत नसते. आमच्या पोरींनी तेवढंच सांगितलं, तारीख कळवली आणि सोबत गेल्या. बोलल्या त्या मोहल्ल्यातल्या बायका. काही घरांतून आधी विरोध झाला, बायकांनी कशाला जायचं म्हणून. खाला म्हणाल्या, पाणी आमच्या चुलीत येतं तेव्हा तुम्ही कुठं असता? त्यावर कुणी काही बोललं नाही.

पैसा कुठून येतो हेही बघून गेलो होतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना जो निधी ठरवला, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे तो त्याच कामाला वापरायचा. हे माहीत असलं की "निधी नाही" या उत्तरावर पुढचा प्रश्न अदबीनं विचारता येतो. ठराव झाला, पुढच्या आराखड्यात काम आलं. मोरी खाली बसवायला दीड वर्ष लागलं. तोवर प्रकल्प करणारी पहिली तुकडी पास होऊन गेली होती. दुसऱ्या तुकडीचं काम फक्त जाऊन विचारणं होतं. त्यांच्या अहवालात दाखवण्यासारखं फार काही नव्हतं, आणि त्यांच्या शिक्षकांनी त्यांना तरीही पूर्ण गुण दिले. त्या शिक्षकांचे मी मनापासून आभार मानतो.

आता वरच्या गल्लीचं पाणी वाहतं. खालची गल्ली राहिली आहे. तिथं जागेचा वाद आहे, दोन शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्यावर लेव्हल पाइप चालत नाही. त्याला किती वर्षं लागतील सांगता येत नाही.

आपल्या समाजाबद्दल मोठे अहवाल झाले. २००६ साली न्यायमूर्ती सच्चर समितीचा आला. महाराष्ट्रात २००८ साली मेहमूद-उर-रहमान समिती नेमली गेली. ते अहवाल फार मोलाचे आहेत. पण ते देशाचं आणि राज्याचं चित्र सांगतात. तुमच्या गल्लीतली मोरी कोणत्याच अहवालात नसते. ती गल्लीतल्या माणसांनी मोजायची, आणि हातात पुस्तक असलेल्यांनी त्यांच्या शेजारी बसून मदत करायची. मोहल्ला कुणाचाही असो, मुसलमानांचा, भीमनगरचा, वडारवाडीचा की पारधी वस्तीचा, उतार सगळीकडं एकाच नियमानं चालतो.

आता सर घड्याळ बघताहेत, म्हणून शेवटचं.

विद्यार्थ्यांनो, उद्या कुणाच्या दारात बसून लिहून घेणार असाल, तर उठण्याआधी परत कधी येणार ती तारीख सांगा. तारीख सांगता येत नसेल तर लिहू नका, नुसता चहा प्या. आणि जे लिहिलं त्याची एक प्रत वस्तीत ठेवा, वाचता येईल अशा भाषेत. आमच्या नकाशाची प्रत तिथल्या किराणा दुकानात टांगलेली आहे, मराठीत आणि उर्दूत.

प्राध्यापक मंडळींना विनंती, की गाव दर वर्षी बदलू नका. तीन वर्षं एकाच वस्तीत शिबीर घ्या. दुसऱ्या वर्षी लोक जे बोलतील ते पहिल्या वर्षी बोलणार नाहीत.

आणि मागे बसलेल्या आयांनो, बहिणींनो, ही पोरं चांगली आहेत. यांना चहा द्या, जेवू घाला. पण ही लिहून घेऊन गेली म्हणून थांबू नका. तुमचा अर्ज तुम्ही करा, तुमच्या सभेला तुम्ही जा. पोरांची परीक्षा मार्चमध्ये असते आणि पाऊस जूनमध्ये येतो.

मागच्या महिन्यात खालांकडे गेलो होतो. तब्येत बरी नसते आता. पेटी खाटेखालून काढून फळीवर ठेवली आहे. मी म्हटलं, "खाला, अब तो पानी नहीं आता." त्या म्हणाल्या, "हां, मगर मोरी साफ कौन करेगा, वो लिखा क्या तूने?"

ते आम्ही लिहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यासाठी बैठक आहे. तुमच्यातलं कुणी येणार असेल तर मला सांगा, करमाडच्या फाट्यावरून सोबत जाऊ.